अण्णा घरी येतायत, तेव्हा

नाशिक,
१० डिसेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. अण्णांना परवा डिस्चार्ज मिळतोय हे वाचून फार बरं वाटलं. पण सीओपीडीत, म्हणजे फुप्फुसांच्या या जुनाट दम्यासारख्या आजारात, घरी आल्यावरचा पहिला महिनाच नाजूक. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार असे साधारण पाचातले एक पेशंट ३० दिवसांत परत ॲडमिट होतात. फुप्फुसं अजून सावरलेली नसतात, पडून राहून मांड्यांतली ताकद गेलेली असते आणि सिस्टर वेळेवर देत होत्या ती औषधं आता घरच्यांच्या हाती येतात.

सगळ्यात जास्त घोळ रोटाहेलरचा, म्हणजे कॅप्सूल घालून औषधाची पावडर तोंडाने ओढायच्या छोट्या यंत्राचा. त्यातली पावडर अण्णांच्या स्वतःच्या ओढीनेच सुटते. म्हणून आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही. तोंडाची वाफ आत गेली की पावडर चिकटते. मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचं. उघडून बघ. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायला लाव. स्प्रेच्या पंपाचं नेमकं उलटं: हलवायचा, एकदा दाबायचा आणि सावकाश ओढायचं. दोन्ही दिले असतील तर हमखास अदलाबदल होते. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही असतात रे, म्हणून आईंनाही समजावून ठेव. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

ऑक्सिजनचं मशीन लिहून दिलं असेल तर दिवसरात्र मिळून किमान १५ तास लागतं. रात्रीची झोप त्यात धर. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर डॉक्टरांनी ८८ ते ९२ टक्के ऑक्सिजन सांगितला असेल तर तेवढंच ठेव. ९८ दिसावं म्हणून फ्लो वाढवलास तर अशा पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखतं, गुंगी येते, आणि घरच्यांना वाटतं शांत झोपलेत. नळी देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब. लाइट जाते तेव्हासाठी एक भरलेला सिलिंडर हवाच. दोन-तीन महिन्यांनी ऑक्सिजनची गरज पुन्हा तपासून घे. बऱ्याच जणांचा सुटतो.

आपल्याकडे आता थंडीचा कडाका, निफाडकडे तर विचारायलाच नको. त्यात तुमच्या मागच्या अंगणातला बंब! त्याचा धूर थेट अण्णांच्या खोलीत येतो, तो यंदा बंद कर. अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. धाप लागली तर पुढे वाकून बसायचं, नाकाने घ्यायचं आणि शीळ घालतो तसे ओठ करून सावकाश सोडायचं.

त्यांना खाटेवर बसवून मात्र ठेवू नकोस. घरातल्या घरात चार फेऱ्या, खुर्चीतून उठबस, रोज थोडं वाढवत. फुप्फुसांच्या व्यायामाचा कार्यक्रम चार आठवड्यांच्या आत सुरू झाला तर परत ॲडमिट व्हायची शक्यता कमी होते. छातीच्या डॉक्टरांना याबद्दल तूच विचार, सहसा कोणी आपणहून सांगत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या बहुधा पाचच दिवसांच्या असतात. उरलेली पट्टी पुढच्या वेळेसाठी जपू नका. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचंही त्याच भेटीत ठरवून टाक.

बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, दम रोजच्यापेक्षा वाढला, तर त्याच दिवशी फोन कर. ओठ निळसर पडले, बोलणं तुटायला लागलं किंवा हाकेला नीट उत्तर देईनात, तर १०८. आणि परवा वॉर्डातून निघण्याआधी अण्णांना सिस्टरसमोर रोटाहेलर ओढून दाखवायला लाव. मी गुरुवारी संध्याकाळी येतो, तेव्हा पुन्हा बघू.

तुझा,
मोहन