डबस्टेप कशावर ऐकलं, ते आधी सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका ज्येष्ठ वाचकांनी वागातोरच्या बाजूला रात्री वाजणाऱ्या डबस्टेपला, म्हणजे खोल बेसवर उभ्या असलेल्या त्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताला, ‘पत्र्यावर चालणारी करवत’ म्हटलं होतं. दोन दिवसांनी एका तरुणाने त्यांना उत्तर दिलं की जुन्या लोकांना नवं काही झेपत नाही. दोन्ही पत्रं मी दोनदा वाचली. फोंड्याजवळ माझा साउंडचा धंदा आहे, ३१ वर्षं झाली. जत्रेची नाटकं, शिगमो, लग्नं, भजनी सप्ताह, सगळीकडे माझे बॉक्स जातात. मला वाटतं दोघेही खरंच बोलताहेत, फक्त दोघांच्या कानावर दोन वेगळे आवाज पडलेले आहेत.

मी स्वतः बरीच वर्षं करवतवाल्यांच्या बाजूचा होतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पार्टीला माझी सिस्टीम गेली होती. बाहेरून आलेल्या डीजेने लॅपटॉप जोडला आणि मिक्सरवरचे लाल दिवे लागले ते विझलेच नाहीत. माझ्याकडच्या मुलाने दोनदा जाऊन सांगितलं, गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, खाली घ्या. घेतला नाही. दोन हॉर्नचे, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणाऱ्या स्पीकरचे, पडदे जळाले. दुसऱ्या दिवशी हॉर्न खोलला तर कॉइल काळी ठिक्कर पडली होती आणि बोटांना तो जळका वास संध्याकाळपर्यंत येत होता. वाजत होतं ते डबस्टेप, एवढं कळलं. त्यानंतर बुकिंगला कुणी आलं की मी आधीच विचारायचो, आणि हो म्हणाले तर दुसरा साउंड बघा म्हणून सांगायचो.

गेल्या पावसाळ्यात भाचा सुट्टीवर आला. ‘मामा, हें आयक’ म्हणून त्याने फोन कानाशी धरला. तीच करवत. मी तसं बोललो, तेव्हा त्याने फोन खिशात घातला आणि म्हणाला, गोदामात चल. शिगम्यानंतर झाकून ठेवलेले डबल अठराचे, म्हणजे अठरा इंची दोन-दोन स्पीकरचे, दोन बेस बॉक्स तिथे होते. त्याने ताडपत्री काढली, अँप लावला आणि हॉर्नच्या वायरी स्वतःच काढून बाजूला ठेवल्या. मग लंडनच्या डिजिटल मिस्टिक्स या जोडीचं २००५-०६ च्या सुमाराचं एक रेकॉर्डिंग लावलं.

सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. दूर देवळात कुणी टाळी वाजवावी तसा स्नेअर ढोलाचा ठोका आणि त्याच्यामागे विरत जाणारा इको. मग बेस आला. तो कानाला नंतर कळला, आधी बरगड्यांना कळला. शटरची कडी वाजायला लागली. मी उठून कडीत फडकं कोंबलं आणि परत येऊन बसलो. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर २८ फुटांच्या आसपास भरते. माझं गोदाम ३० फूट लांब आहे. इतकी वर्षं बॉक्स उचलतोय, पण आवाजाला इतकी मोकळी जागा देणारं संगीत मी फार थोडं ऐकलंय. त्या दिवशी आम्ही जेवायला उशिरा गेलो.

मग भाच्याने मूळ सांगितलं. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन म्हणून भाग आहे. तिथल्या ‘बिग ॲपल’ या रेकॉर्डच्या दुकानात हॅचा, स्क्रीम, बेंगा ही पोरं घुटमळायची. गराज नावाच्या नाचाच्या संगीतातून गाणं, चमक काढून टाकत त्यांनी ढोल आणि बेस तेवढे ठेवले. त्यात जमैकाचा डब आहे, म्हणजे गाण्यातून आवाज काढून बेस, ढोल आणि इको पुढे आणायची तिथली तऱ्हा. डब ज्याने घडवला तो किंग टबी रेडिओ आणि अँप दुरुस्त करणारा माणूस होता, स्वतःची साउंड सिस्टीम चालवायचा. आमच्याच धंद्यातला. हे ऐकून मला फार बरं वाटलं. २००५ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात डीएमझेड नावाची डबस्टेपची रात्र सुरू झाली, तिच्या जाहिरातीवर लिहिलेलं असायचं की बेसच्या वजनावर ध्यान लावायला या. आमच्या भजनातल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

लयीचंही तसंच. मिनिटाला १४० मात्रा, म्हणजे गती हणजुणेच्या पार्ट्यांत वाजणाऱ्या ट्रान्स संगीताच्या जवळपासचीच. पण ट्रान्समध्ये प्रत्येक मात्रेवर ठोका पडतो. इथे टाळी निम्म्यावर पडते, म्हणून अंगाला ती ७० ची, ठाय लय वाटते. आत मात्र दुगुण धावत असते.

मग करवत आली कुठून? माझं मत स्पष्ट आहे: लोक ज्या स्पीकरवर ऐकू लागले, त्याप्रमाणे आवाज बदलला. १०० हर्ट्झच्या खाली फोनचा स्पीकर जवळजवळ मुका असतो, लॅपटॉपही तसाच. ज्या संगीताचा जीव त्याच्याही खाली आहे, ते फोनवर वाजवलं तर उरतं काय? म्हणून बेस वर सरकला, मधल्या पट्टीत आला, ओरखडे घेऊन आला, म्हणजे तो कुठेही ऐकू जाईल. लंडनमध्ये कास्पा आणि रस्को यांनी ते आधीच सुरू केलं होतं. २०१० नंतर अमेरिकेच्या स्क्रिलेक्स या संगीतकाराने ते जगभर नेलं आणि २०१२ मध्ये त्याला तीन ग्रॅमी मिळाले. जुन्या मंडळींनी या नव्या तऱ्हेला ‘ब्रोस्टेप’ म्हणून हिणवलं.

इथे माझं आणि भाच्याचं जुळत नाही. त्याला स्क्रिलेक्स आवडतो आणि त्याचं कारण तो नीट सांगतो. एक बेसचा सूर घ्यायचा, फिल्टर उघडझाप करून त्याला बोलायला लावायचं, प्रत्येक अर्ध्या मात्रेला त्याचा आवाज बदलायचा. हे काम कष्टाचं आहे, हे मला मान्य. आमच्याकडे चवथीच्या आरतीत घुमटवाला काय करतो? उजव्या हाताची बोटं कातड्यावर, आणि डाव्या हाताचा पंजा मडक्याच्या मागच्या अरुंद तोंडावर. पंजा मिटला की आवाज आत ओढला जातो, उघडला की फुटून बाहेर येतो. डबस्टेपमध्ये बेसच्या ज्या हेलकाव्याला ‘वॉबल’ म्हणतात तो हाच. फक्त घुमटवाला दोन घुमण्यांच्या मध्ये हात थांबवतो, समेळ या ढोलाला आणि कांसाळ्याच्या झांजेला जागा देतो. ती जागा नव्या डबस्टेपमध्ये मला सापडत नाही, आणि तीच मला हवी आहे. २०२४ मध्ये स्क्रिलेक्सला पुन्हा ग्रॅमी मिळाला तो ‘रंबल’ या गाण्यासाठी, त्यात लंडनचा जुना रॅपर फ्लोडन बोलतो. ते मी गोदामात ऐकलं. जागा थोडी परत आली आहे.

ज्येष्ठ वाचकांच्या तक्रारीतली एक गोष्ट मात्र मला त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण नियमातली मोजणी ‘डीबी-ए’ या मापात होते, आणि हे माप खालच्या बेसला फार कमी धरतं. मीटरवर आकडा मर्यादेत दिसतो आणि शेजाऱ्याच्या कपाटातली भांडी वाजत राहतात. दोन्ही खरं असतं. तपासणीला जाणाऱ्यांनी त्याच मीटरवर बेसला जास्त धरणारं ‘सी’ मापही बघून टिपून ठेवावं, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राने पुढे न्यावी.

आणि त्या ज्येष्ठ वाचकांना माझं आमंत्रण आहे. कुठल्याही रविवारी संध्याकाळी पाच वाजता गोदामात या, त्या तरुणालाही आणा. हॉर्नच्या वायरी काढून ठेवतो, कडीत फडकं घालतो, वीसच मिनिटं लागतील. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक साउंडवाला, फोंडा