मांगर शाकारायचाय, मिरगाच्या आत

नमस्कार गावकरी मंडळी, पेडण्यात असाल नाहीतर मुंबईत, गल्फात, बोटीवर, जरा शेवटपर्यंत वाचा.

देवळामागचा भाटकारांचा (जमीनदारांचा) मांगर, म्हणजे भात साठवायचं कोठार. गेल्या पावसात त्याच्या छपराची समुद्राकडची पाखी बसली, वाशांना वाळवी लागलीय, अर्धी कौलं खाली आलीत आणि पाणी थेट चिऱ्यांच्या भिंतीत मुरतंय, अजून एक पाऊस असाच गेला तर भिंतसुद्धा राहायची नाही.

आता मीटिंगमध्ये तिघांनी तोंडावर विचारलं, भाटकाराचा मांगर आम्ही कशाला दुरुस्त करायचा? प्रश्न बरोबरच आहे. माझ्या आजोबांनी खंडाचं, म्हणजे कुळाने भाटकाराला द्यायचं, भात डोक्यावरून नेऊन तिथंच ओतलंय. मधल्या खांबावर कोयत्याने पाडलेल्या खाचा अजून आहेत, चार उभ्या आणि एक आडवी, की पाच खंडी झाल्या. नाव कुणाचंच नाही, पण भात कुणाच्या घामाचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तो खांब पडू द्यायचा नाही, असं माझं तरी मत.

गोवा मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, मग १९७६ च्या दुरुस्तीने कुळं मालक झाली, खंड थांबला, कणगी रिकाम्या पडल्या. पण गाव त्याआधीच आत शिरलं होतं. बांदोडकर मुख्यमंत्री असताना गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आपल्या शाळेला तेव्हा इमारत कुठे होती, पहिली-दुसरी मांगरातच भरायची, खाली सारवलेली जमीन, मांडीवर पाटी, आणि कणगीमागून उंदीर (आमचे काका म्हणतात पाढे उंदरांनापण पाठ होते). जत्रेला दशावतारी यायचे ते रंग चढवायला तिथंच बसायचे, दाराच्या डावीकडे भिंतीवर बोटं पुसल्याचे लाल-पिवळे डाग आहेत, चुना मारताना तेवढी जागा सोडायची असं ठरलंय.

भाटकारांच्या वारसांनी मांगर गावाच्या वापरासाठी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलाय. ते झाल्याशिवाय आम्ही पावती पुस्तक उघडलंच नसतं.

तर काय हवंय. मंगळुरी कौलं. चौरस मीटरला साधारण १५ लागतात, धड असलेली जुनी निवडून रचून ठेवलीत, तरी ७०० कमी पडतायत. जुनं घर पाडून स्लॅब घातलेल्यांच्या परसात ढीग पडलेत ते आम्हाला दिसतात हो, तेच द्या, जुन्याला जुनंच नीट बसतं. भेडल्या माडाचे वासे कुणाकडे असतील तर सांगा. पत्रे घाला म्हणणारेही आहेत, त्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसून दाखवावं. सुताराची मजुरी मात्र रोख द्यावी लागते, त्यासाठी १०० रुपये दिलेत तरी चालतील, मंडळाच्या खजिनदाराकडे द्या आणि पावती मागून घ्या, लाजू नका. बाहेरगावच्यांनी घरच्या माणसाच्या हाती पाठवा.

घरात भात मोजायची जुनी पायली, कुडव, मांगरातल्या शाळेचा एखादा फोटो असेल तर तोही दाखवायला आणा, कॉपी काढून परत देऊ.

रविवारी सकाळी आठला कौलं उतरवायला माणसं हवीत. शिडी आहे, चहा आहे. डोक्याला टॉवेल बांधून या, पन्नास वर्षांची धूळ आहे वर.