देखाव्यातला स्टेगोसॉरस तरी नीट करा

संपादक महोदय,

गणपती मंडळांच्या देखाव्यांची कामे निघाली की नाशिकमध्ये डायनासोर दिसू लागतात, आणि पुढे शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही तेच. पाठीवर प्लेटा असलेला स्टेगोसॉरस त्यात सर्वांचा लाडका. चुकाही त्याच्याच वाट्याला जास्त येतात. खर्च आणि मेहनत तेवढीच लागते, मग प्राणी बरोबरच का करू नये?

पहिली चूक प्लेटांची. एकाच साच्यावरून कापलेल्या जोड्या कण्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर चिकटवल्या जातात. खऱ्या सांगाड्यांत दोन प्लेटा तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. त्यांच्या रांगा दोन, पण एक डावीकडे तर पुढची उजवीकडे, अशा आळीपाळीने. मानेवर लहान, कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी सर्वांत मोठ्या, जवळपास ६० सेंटिमीटर उंच. त्या कण्याला जोडलेल्या नसून कातडीत रुतलेल्या असत, म्हणून बुडाशी कातडीची जाड घडी दाखवावी. अंगरक्षणाच्या ढाली म्हणून त्या रंगवू नयेत. कुशी तर उघड्याच राहतात.

मापासाठी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधला सांगाडा धरावा: लांबी ५.६ मीटर, उंची २.९ मीटर. शाळेसाठी एकास दहा प्रमाण सोयीचे, म्हणजे ५६ सेंटिमीटर लांब आणि प्लेटांसकट २९ सेंटिमीटर उंच. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पुठ्ठा घ्यावा. १८ प्लेटा प्रत्येकी वेगळ्या कापाव्यात, मोठीतली मोठी ६ सेंटिमीटरची. पाठीवर मधोमध रेघ मारून तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने खाचा पाडाव्यात आणि प्लेट खाचेत रोवून मग कागदाचा लगदा चढवावा. वरून नुसती चिकटवलेली प्लेट लगदा वाळताना आक्रसला की कलते.

दुसरी चूक शेपटीची. ती खरे तर जमिनीपासून वर उचललेली असे; ती जमिनीला टेकवतात, त्याचे खरे कारण शास्त्र नसून तार आहे. बारीक तार लगद्याच्या वजनाने वाकते, मग टेकू म्हणून शेपूट खाली. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच अखंड सळई घ्यावी, ती मागच्या पायांच्या सळयांना पक्की बांधावी आणि ते पाय फळीत रोवावेत. मंडळाच्या मोठ्या प्रतिकृतीत हेच काम वेल्डिंग केलेल्या पाइपने होते. शेपूट वेगळी करून मागाहून जोडली तर ती मुळाशी तडकणारच. पुढचे पाय मागच्यांपेक्षा बरेच आखूड, त्यामुळे पाठ कमानदार आणि डोके जमिनीपासून मीटरभरच उंच. शेपटीच्या टोकाला काटे चार, दोन जोड्यांत, बाजूला वळलेले. सरळ आकाशाकडे नव्हेत. ते शोभेचे नव्हते: त्याच काळातल्या मांसाहारी ॲलोसॉरसच्या शेपटीच्या एका मणक्याला पडलेले भोक अशा काट्याशी जुळते.

त्याच्यासमोर टी-रेक्स उभा करण्याची हौस मात्र आवरावी. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे टी-रेक्स काळाने स्टेगोसॉरसला जितका जवळ, त्याहून आपल्याला जास्त जवळ. शत्रू हवाच असेल तर ॲलोसॉरस करावा, हाताला तीन बोटांचा. टी-रेक्सला दोनच होती, शिवाय हातही फार आखूड, त्यामुळे भाड्याच्या फायबरच्या टी-रेक्सला एक बोट चिकटवून भागत नाही.

खाली हिरवी लॉन अंथरू नये, फुलझाडेही ठेवू नयेत. स्टेगोसॉरसच्या, म्हणजे ज्युरासिक काळात गवत नव्हते. नेचे, सायकस आणि नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळणारे अरोकेरिया यांच्या कुंड्या ठेवाव्यात. पाटीवर ‘कमरेत दुसरा मेंदू’ लिहू नये, ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली आहे.

‘नाशिकच्या जंगलातला डायनासोर’ ही पाटी तर नकोच. स्टेगोसॉरसची हाडे मुख्यत्वे अमेरिकेतल्या कोलोरॅडो, वायोमिंग, युटामध्ये मिळाली. पांडवलेणी ज्या काळ्या खडकात कोरली तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, स्टेगोसॉरस संपल्यानंतर फार उशिराचा. ज्युरासिकमधलाच, पण जवळचा प्राणी हवा असेल तर बारापासॉरस करा. त्याची हाडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, म्हणजे त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला सापडली. सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. लांब मानेचा, शाकाहारी, आणि पाठीवर एकही प्लेट नाही, त्यामुळे कामही कमी.

आपले,
भूशास्त्राचे काही शिक्षक आणि प्रतिकृती करणारे कारागीर, नाशिक