संज्या, त्या पोराला आधी खाली उतरव

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार

प्रिय संज्या,

तीन महिने तुला उत्तर नाही, शिव्या घालायच्या त्या एकदाच घालून घे. इकडं सगळे बरे, गुडघाही बरा. बंड्याचा फोटो बघून मात्र पोटात गोळा आला. अग्निवीर भरतीच्या पुलअपसाठी पोरगं खिडकीच्या ग्रिलला लोंबकळतंय आणि तू खाली 'नाद खुळा' लिहितोस! अरे, ग्रिल चार स्क्रूंवर असतं. दाराच्या चौकटीवरची पट्टीही तसलीच. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, म्हणून पोराचं डोकं फोडायचं का?

आता तू तुझं जुनं काढशील, "शंभर जोर मारले की पाठ आपोआप होते." दहावीपासून भांडतोय आणि तू अजून चूकच आहेस. जोर मारण्यात ढकलणं असतं: छाती, खांदा, दंडाची मागची बाजू. पुलअपमध्ये ओढणं: काखेखालून कमरेकडं जाणारे पाठीचे पंख, दंडाची पुढची बाजू आणि मूठ. ढकलून ढकलून ओढायची ताकद कशी येणार?

तर ओढायला दार घे. जुन्या सुती चादरीला मधोमध मोठी गाठ मार. गाठ दाराच्या वरून पलीकडं, बिजागरीच्या बाजूला. दोन्ही टोकं अलीकडं. मग दार लावून कडी घाल. चादर जाड असली तर दार लागत नाही, तिथं जुनी सुती साडी बरी (वहिनींना विचारून, नाहीतर तूच लोंबकळशील). पॉलिस्टर नको, हातातून निसटतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार बंड्यापासून पलीकडं उघडणारं हवं, म्हणजे ओढलं की ते चौकटीत आणखी घट्ट बसतं. उलट बाजूला उभा राहिला तर सगळा भार कडीवर, आणि कडी निघाली की टाळकं फरशीवर. प्लायचं हलकं दार असेल तर हा नादच सोड.

टोकं धरून मागं रेलायचं, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखं. कोपर बरगड्यांना घासत मागं न्यायचे, वर एक सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत परत. आठ ते बाराच्या चार फेऱ्या, एक दिवस आड. बारा सहज निघाले की पाय वीतभर दाराकडं. अंग जितकं आडवं तितकं जड. खांदे कानाला चिकटले की काम पाठीऐवजी मानेवर जातं, आणि बंड्या ते हमखास करणार, तुझ्यावर गेलाय.

पण हे झालं समोरून ओढणं. पुलअप वरून खाली असतो. त्याला गुळगुळीत फरशी लागते. पोटाखाली टॉवेल घेऊन पालथं पडायचं, हात डोक्यापुढं लांब, तळवे फरशीवर रोवून अंग पुढं ओढायचं, हात छातीपाशी येईपर्यंत. पायांनी रेटा द्यायचा नाही. घामानं तळवे घसरतात, पुसत राहायचं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-तीन खेपांत पोरगं गप्प होईल. सोबत सॅकमध्ये तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या भरून, वाकून एका हातानं ती कमरेकडं ओढणं. पाठ सपाट, अंग पिळायचं नाही.

एवढं करूनही मूठ राहतेच. लष्कराच्या अग्निवीर भरतीला सहा पुलअपना १६ गुण, दहाला ४०, आणि सहाच्या खाली थेट घरी. वरचे सगळे व्यायाम पाठ तयार करतात, पण अंगाचं सगळं वजन बोटांवर घेऊन लटकायची सवय लटकूनच येते. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी बागेतल्या पक्क्या बारवर न्यायचं. मे महिन्यात इकडं पाठव, तालमीत दोर चढायला लावतो, मुठीचं बघून घेऊ.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची शाळा सुरू झाली का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर कळव.

आणि गाठ मारून झाली की पहिल्यांदा तू रेलून बघ. तुझं वजन त्याच्या दीडपट आहे.

तुझाच,
बाळ्या