क्रिप्टो व्यवहारांची माहिती आधी करदात्याच्या हाती द्या : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार.

पगारदारांची आणि लहान व्यावसायिकांची आयकर विवरणपत्रे भरून देणे हा माझा व्यवसाय आहे. २०२२ च्या वित्त कायद्याने 'आभासी डिजिटल मालमत्ता' (इंग्रजी संक्षेप व्हीडीए), म्हणजे क्रिप्टो आणि तत्सम मालमत्ता, कराच्या कक्षेत आली, तेव्हापासून या कामातला सर्वांत जिकिरीचा भाग विवरणपत्रात या व्यवहारांसाठी असलेली 'अनुसूची व्हीडीए' हा झाला आहे. नफ्यावरील तीस टक्के कर किंवा तोटा वजा न करू देण्याची तरतूद योग्य की अयोग्य, हा प्रश्न मी या पत्रात उपस्थित करणार नाही. तो निर्णय संसदेने घेतलेला आहे. माझे म्हणणे फक्त नोंदीबद्दल आहे : जो माणूस कर भरायला तयार आहे, त्याला आपला हिशेब बिनचूक मांडता यावा एवढी सोय आजच्या नियमांत नाही, आणि ती करणे आपल्या हातात आहे.

या अनुसूचीत प्रत्येक विक्री स्वतंत्र ओळीत दाखवावी लागते. खरेदीची तारीख, हस्तांतराची तारीख, खरेदी किंमत, मिळालेला मोबदला आणि उत्पन्न असे तिचे रकाने आहेत. तोटा झाला असेल तर उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहायचे. वाचताना हे सोपे वाटते. पण क्रिप्टो घेणारा सामान्य माणूस ती एकदम घेत नाही. तो दर महिन्याला थोडीथोडी घेतो आणि गरज पडेल तेव्हा त्यातला एखादा तुकडा विकतो. विकलेला तुकडा कोणत्या महिन्याच्या खरेदीतला धरायचा? डीमॅट खात्यातील शेअर्ससाठी १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४५ (२ए) ने याचे उत्तर दिलेले आहे : जे आधी आले ते आधी विकले असे मानायचे. आभासी मालमत्तेवर कर लावणारे कलम ११५ बीबीएच याबाबत काहीच सांगत नाही. त्यामुळे तेच व्यवहार दोन सल्लागारांकडे गेले तर दोन वेगळे करपात्र आकडे निघू शकतात, आणि तोटा वजा होत नसल्यामुळे हा फरक थेट कराच्या रकमेत उतरतो. दोघांपैकी कोणाचीही लबाडी नसताना एकाच्या अशिलाला नोटीस येऊ शकते, ही गोष्ट मला फार खटकते.

दुसरी अडचण घड्याळाची आहे, आणि ती कोणाला क्षुल्लक वाटली तरी तिच्यापायी मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. अनेक एक्सचेंजेसच्या, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचांच्या, उताऱ्यांत वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार छापलेली असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणून १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता केलेली विक्री उताऱ्यात ३१ मार्चच्या रात्री साडेआठची दिसते. व्यवहार खरे तर नव्या आर्थिक वर्षातला, पण उताऱ्यात तो जुन्या वर्षात जाऊन बसतो. करदात्याने उताऱ्यावर विश्वास ठेवून विवरणपत्र भरले, तर दोन्ही वर्षांचे आकडे चुकतात.

त्याहून अवघड प्रश्न मूल्याचा आहे. एक क्रिप्टो देऊन दुसरी घेतली तरी कायद्याच्या दृष्टीने ते हस्तांतरच असते, आणि त्याचे मूल्य रुपयांत मांडावे लागते. पण कोणत्या एक्सचेंजचा भाव घ्यायचा, तो त्या मिनिटाचा की दिवसअखेरचा, हे सामान्य करदात्याला कुठेही स्पष्ट सांगितलेले नाही. परकीय चलनातील उत्पन्नाबाबत आयकर नियमावलीतील नियम ११५ ने ही संदिग्धता फार पूर्वीच संपवली. स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन विकत घेताना लावते तो) घ्यायचा, एवढे सांगितले की वाद उरत नाही. तसाच एखादा अधिकृत संदर्भदर आभासी मालमत्तांसाठी ठरवणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. निदान मोजक्या, सर्वाधिक व्यवहार होणाऱ्या मालमत्तांपासून तरी सुरुवात करता येईल.

स्वतःच्या एका वॉलेटमधून (क्रिप्टो ठेवण्याच्या डिजिटल पाकिटातून) स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये मालमत्ता हलवणे हे हस्तांतर नव्हे. परंतु जिथून ती बाहेर पडते त्या एक्सचेंजला ती पुढे कोणाकडे गेली हे माहीत नसते, आणि जिथे ती पोहोचते त्या एक्सचेंजला तिची मूळ खरेदी किंमत माहीत नसते. वर्षानुवर्षांच्या नोंदी जपण्याचा सगळा भार एकट्या करदात्यावर पडतो. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांनी ज्या मंचावर पहिली खरेदी केली होती तो मंचच बंद झाला होता. बँकेच्या जुन्या उताऱ्यांवरून आम्ही त्यांची खरेदी किंमत कशीबशी उभी केली. ती ग्राह्य धरली जाईल की नाही, याची धाकधूक मात्र त्यांच्या मनात कायम राहिली.

कलम १९४ एस ने १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस, म्हणजे मोबदला देतानाच कापून घेतला जाणारा कर, लागू केला. त्याची नोंद वार्षिक माहिती विवरणात (करदात्याच्या व्यवहारांच्या आयकर विभागाकडील वार्षिक नोंदपत्रात) येते आणि ती उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तिच्यात मोबदल्याची रक्कम आणि कापलेला कर दिसतो. किती नग, कोणत्या दिवशी, किती खरेदी किमतीचे, हे कळत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अनुसूची व्हीडीए न भरलेल्या करदात्यांना ईमेल पाठवून विवरणपत्र दुरुस्त करण्याची आठवण केली. थेट चौकशी सुरू करण्याऐवजी आधी सूचना देण्याची ही पद्धत मला मनापासून योग्य वाटते. तरीही तो ईमेल घेऊन माझ्याकडे आलेल्या अनेकांचा पहिला प्रश्न 'नेमका कोणता व्यवहार?' हाच होता, आणि त्याचे उत्तर त्या ईमेलमध्ये नव्हते.

महोदया, २०२५ च्या वित्त कायद्याने कलम २८५ बीएए आणले आणि १ एप्रिल २०२६ पासून क्रिप्टो व्यवहारांची माहिती विहित नमुन्यात सरकारला सादर करण्याची जबाबदारी संबंधित संस्थांवर टाकली. सादर केलेल्या माहितीत दोष आढळला तर तो दुरुस्त करण्यासाठी त्या संस्थेला तीस दिवसांची मुदत देण्याची सोयही त्या कलमात आहे. मात्र ज्याच्या व्यवहारांची ती माहिती आहे, त्याला तिची प्रत देण्याचे बंधन त्या कलमाच्या मजकुरात नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव इथे आहे. संस्थेने चुकीची तारीख कळवली किंवा एकाच विक्रीची दोनदा नोंद केली, तर ते सर्वांत आधी करदात्याच्याच लक्षात येईल, कारण व्यवहार त्याने केलेला आहे. त्यालाच ती माहिती दिसणार नसेल, तर चूक उघड होईल ती थेट तपासणीच्या वेळी.

म्हणून माझी विनंती अशी की, या कलमाखालील नियमांत संस्थेने सरकारला दिलेला तपशील त्याच स्वरूपात आणि विवरणपत्राच्या मुदतीच्या किमान दोन महिने आधी करदात्यालाही द्यावा, असे बंधन घालावे. तोच तपशील नग, भारतीय प्रमाणवेळ आणि रुपयांतील मूल्यासह वार्षिक माहिती विवरणात उतरावा आणि तिथून अनुसूची व्हीडीएमध्ये आपोआप भरला जावा. वार्षिक माहिती विवरणात चुकीच्या नोंदीवर हरकत नोंदवण्याची सोय आजही आहे. ती प्रत्येक क्रिप्टो व्यवहारापर्यंत पोहोचली पाहिजे. खरेदी किंमत ठरवण्याची पद्धत मंडळाच्या एका परिपत्रकाने निश्चित करता येईल. जुन्या खरेदीची मूळ नोंद उपलब्ध नसेल तर बँकेचा उतारा पुरावा म्हणून चालेल, एवढे एक वाक्य त्याच परिपत्रकात घातले तर त्या शिक्षकांसारख्या अनेकांची काळजी मिटेल. अमेरिकेत २०२५ च्या व्यवहारांपासून दलालांनी ग्राहकाला आणि कर विभागाला एकाच नमुन्यात माहिती देण्याची पद्धत सुरू झाली असून २०२६ पासून ठरावीक मालमत्तांची खरेदी किंमतही तीत समाविष्ट केली आहे. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एक्सचेंजेस मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्याखाली आलेली आहेत आणि ग्राहकांची ओळख व व्यवहारांच्या नोंदी त्यांना तशाही जपाव्या लागतात, त्यामुळे हे काम त्यांच्यासाठी अगदीच नवे ठरणार नाही.

परदेशी एक्सचेंजवरील शिल्लक विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या अनुसूची एफएमध्ये दाखवायची की नाही, यावरही कृपया एकदा लेखी खुलासा व्हावा. परदेशातील मालमत्ता दडवल्याचा दंड दहा लाख रुपयांचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट मिळाली असली, तरी क्रिप्टो नेमकी कुठे 'असते' याबद्दल सल्लागारांतच एकमत नसताना करदात्याने कोणाचे ऐकायचे?

नियम आणि नमुने यांच्यात बदल करणे मंडळाच्या अधिकारातले आहे, त्यासाठी पुढील अर्थसंकल्पाची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या विवरणपत्रांचे नमुने अधिसूचित होण्यापूर्वी आपण या मुद्द्यांवर मंडळाकडून अभिप्राय मागवावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक कर सल्लागार