फंडाच्या खर्चाचीही पट्टी मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अर्थविषयक पानावर नामवंत गुंतवणूकदारांच्या कथा नेमाने येतात आणि त्यांनी किती मिळवले, यावरच बहुधा संपतात. स्वस्त फंडांचा पाया घालणारे अमेरिकी जॉन बोगल यांच्यावर मात्र ग्राहक चळवळीच्या अंगाने लिहावे, असे सुचवावेसे वाटते.

१९७४ मध्ये वेलिंग्टन मॅनेजमेंट या गुंतवणूक कंपनीने बोगल यांना प्रमुखपदावरून काढले. त्याच वर्षी त्यांनी 'व्हॅनगार्ड' ही फंड कंपनी स्थापन केली (हे नाव ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या युद्धनौकेचे, म्हणून आम्हा किनाऱ्यावरच्यांना अंमळ जवळचे) आणि तिची मालकी तिच्याच फंडांकडे, म्हणजे पर्यायाने गुंतवणूकदारांकडे ठेवली. तिचे काम सुरू झाले १९७५ मध्ये; मधली साखळी टाळून माल थेट घरी पोहोचवणारी मुंबई ग्राहक पंचायतही त्याच वर्षीची. १९७६ मध्ये सामान्यांसाठीच्या पहिल्या इंडेक्स फंडात (शेअर निवडत न बसता बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड) १५ कोटी डॉलरची अपेक्षा असताना जेमतेम १.१३ कोटी जमले आणि 'बोगलचा मूर्खपणा' अशी त्याची टवाळी झाली. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी विक्रीवरील दलाली बंद केली. माझ्या मते खरे धाडस तेच. दलालीच नाही म्हटल्यावर फंड विकायला दारोदार फिरणार कोण?

माझे वडील हापूसच्या पेट्या मुंबईला पाठवत. दलालाची पट्टी, म्हणजे विक्री व कपातीचा हिशेब, आली की ओटीवर बसून अडत, हमाली, भाडे अशा एकेका रकमेपुढे पेन्सिलीने खूण करत आणि दोन रुपये जास्त कापलेले दिसले तरी पोस्टकार्ड लिहीत. त्यांच्या मुलाने मात्र निवृत्तीची रक्कम एका ओळखीच्या प्रतिनिधीच्या शब्दावर म्युच्युअल फंडाच्या 'रेग्युलर' (प्रतिनिधीची दलाली खर्चात धरलेल्या) योजनेत घातली आणि आठ वर्षे खर्चाचा आकडा विचारला नाही. हा खर्च रोज एनएव्हीतूनच, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या मूल्यातूनच, वजा होतो, त्यामुळे खिशातून काही गेल्याचे जाणवत नाही. पण वर्षाला एका टक्क्याचा फरकही मोठा असतो: १ लाख रुपये वर्षाला १२ टक्क्यांनी वाढले तर २५ वर्षांत १७ लाख होतात, ११ टक्क्यांनी वाढले तर सुमारे १३.६ लाख.

शेअर बाजार व फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीने ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड (गुंतवणूक करतानाच कापला जाणारा आकार) बंद केला आणि जानेवारी २०१३ पासून दलालीविना 'डायरेक्ट' योजना खुल्या केल्या. आमच्याकडच्या मार्गदर्शन मेळाव्यांत मात्र तो शब्द मी अजून ऐकलेला नाही. सल्ल्याचे मोल देण्यास माझी ना नाही, पण ते रुपयांत कळावे. आपण फंडांचा परतावा छापता, त्याशेजारीच रेग्युलर व डायरेक्ट योजनांच्या खर्चाचे दोन रकाने द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, राजापूर