टीव्ही भिंतीला लावलात, आता रंगही लावून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादरच्या एका दुकानात मी ३८ वर्षं साड्या दाखवल्या. ट्यूबलाइटखाली चिंतामणी आणि मोरपिशी रंगांत हमखास गल्लत होते. म्हणून गिऱ्हाईकाने म्हणायच्या आत आम्ही साडी दुकानाच्या दारात नेऊन रस्त्यावरच्या उजेडात पदर उलगडायचो. रंगावर माझं पोट चाललं, म्हणून हे पत्र.

दिवाळीत आमच्याकडे ४३ इंची टीव्ही आला. पहिल्याच संध्याकाळी डोळ्यांना त्रास व्हायला लागला. बातम्या देणाऱ्या मुलीच्या गालांना शेंदूर फासलेला, क्रिकेटचं मैदान भडक पोपटी. जुना कृष्णधवल चित्रपट लावला, तर नायिकेचं पांढरं पातळ नीळ जास्त झाल्यासारखं निळसर. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काका, नवीन पॅनेल आहे, रंग असाच उठून दिसतो." मग मीच रिमोट घेऊन रंग कमी केला. थोड्या वेळाने पाहतो तर पुन्हा होता तसाच! असं तीनदा झालं. संच सदोष आहे असं समजून मी तक्रारही नोंदवली.

दोष संचात नव्हताच. आमच्या शेजारचा मुलगा अंधेरीच्या एका स्टुडिओत चित्रपटांचे रंग जुळवण्याचं काम करतो. त्याने सांगितलं, की टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की घरासाठी हवा की दुकानासाठी, असं विचारतो. घाईत 'स्टोअर' निवडलं गेलं होतं. त्या मोडमध्ये आपण काहीही बदललं तरी संच काही वेळाने आपणहून भडक रंगावर परत जातो, कारण दुकानात येणारा प्रत्येक जण बटणं दाबून बघतो. त्याने आधी 'होम' केलं, मग पिक्चर मोड 'व्हिविड'वरून 'सिनेमा'वर आणला. काही संचांत यालाच 'मूव्ही' म्हणतात, काहींत 'फिल्ममेकर मोड' असतो.

माझी खात्री पटावी म्हणून त्याने पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. तिचा शालू मीच निवडला होता, अस्सल डाळिंबी. सौ.ने तो कपाटातून काढला, मलमलचं फडकं सोडलं आणि टीव्हीच्या बाजूला खिडकीच्या उजेडात धरला. व्हिविडवर तोच शालू पडद्यावर लालभडक होता आणि पदराच्या जरीचा नुसता पांढरा पट्टा झाला होता. सिनेमा मोडवर डाळिंबी परत आला. शार्पनेस शून्यावर नेल्यावर जरीच्या कडेची खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ गेली आणि वेलबुट्टी मोजता येईल अशी दिसू लागली. कॅमेऱ्यात रंग थोडा इकडेतिकडे होतोच, पण कोणताही साडीवाला त्याला डाळिंबीच म्हणेल.

रंगाचं तापमान 'वॉर्म'वर ठेवलं की पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटतं. तेवढा धीर धरा. स्टुडिओत ज्या पांढऱ्यावर रंग जुळवतात तो ६५०० केल्व्हिनचा, दिवसाच्या उजेडाच्या जवळचा, आणि वॉर्म त्याच्या बराच जवळ जातो. खोलीत ऊन असेल तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, वाढवा, रंगाला हात लावू नका. सेटटॉप बॉक्सवरचं चॅनेल पाहताना टीव्हीत केलेली सेटिंग टीव्हीतल्या ॲपवर लागू होतेच असं नाही, तिथेही एकदा तपासा.

आणखी एक. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो, म्हणून जुना सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत सरकतो. याला 'मोशनफ्लो', 'ट्रूमोशन' अशी कंपनीगणिक वेगवेगळी नावं आहेत. मॅचसाठी हवं तर ठेवा, सिनेमासाठी बंद करा. ज्यांनी एकेक दृश्य डोळ्यांत तेल घालून टिपलं, त्यांच्या कामात यंत्राने भर का घालावी?

माझ्या शेजारी जाणकार मुलगा होता. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांनी कोणाला विचारायचं? माझ्या ओळखीची कितीतरी माणसं त्याच भगभगीत चित्रासमोर बसतात आणि डोळ्यांना दोष देतात. बॅकलाइट पूर्ण चढवलेला असल्याने वीजही जास्त जाते. म्हणून कंपन्यांना विनंती, की संच बसवणाऱ्याने निघण्यापूर्वी घरातल्या माणसांसमोर 'होम' निवडावं, दोन-तीन मोड दाखवावेत आणि एक पानभर माहिती मराठीत हाती द्यावी. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. भिंतीला भोकं पाडायला याहून जास्त वेळ लागतो.

आणि दुकानदारांनी निदान एक संच मागच्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात, घरच्या सेटिंगवर सुरू ठेवावा. गिऱ्हाईकाला तिथे न्यावं आणि मग किंमत सांगावी. आम्ही साडी दारात न्यायचो, तसंच.

आपला,
एक निवृत्त साडी विक्रेता, दादर, मुंबई